पंख्याची ड्युटी

मॅडमच्या गाडीत एसी होता, पण तो लावायचा नाही. मे महिन्यात काटई नाक्यावर दोन ट्रेलरांच्या मधे गाडी अडकलेली असली तरी चारी काचा खाली, आणि ओढणीनं नाहीतर ऑफिसच्या एखाद्या रद्दी कागदानं वारा घ्यायचा. पहिल्याच आठवड्यात मी एकदा विचारलं, "एसी बिघडलाय का?" मॅडमनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "चांगला आहे," म्हणाल्या, आणि आपल्या बाजूची काच होती नव्हती तेवढी खाली केली.

तेव्हा मी ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघायचे. कंपनी पंपांची कंट्रोल पॅनेलं बनवायची, आणि मॅडम तिथला खरेदी विभाग सांभाळायच्या. राहायला दोघी डोंबिवली पूर्वेला. माझा घोटा मोडला होता. प्लॅस्टर निघालं तरी डॉक्टरांनी जिने आणि गर्दी बंद सांगितलेली, आणि सुट्टी तर सगळी संपलेली. काय करावं या विचारात असताना मॅडम माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"उद्यापासून माझ्या गाडीत या. मागे बसायचं. पुढे वडील असतात. बोललंच पाहिजे असं काही नाही."

एवढं सांगून त्या गेल्यासुद्धा. पुढे घोटा बरा झाला, तरी मी त्या गाडीतून जात राहिले. का, ते नीट सांगता यायचं नाही. घरी सासूबाईंचं आजारपण, मुलीची दहावी, ऑफिसात वर्षअखेर. दिवसभर कोणाला ना कोणाला उत्तरं द्यायची असायची. त्या गाडीत ती द्यावी लागत नव्हती, हे एक कारण असेल.

मॅडमची पन्नाशी उलटलेली. लग्न केलं नव्हतं, का ते विचारायची कोणाची टाप नव्हती. कडक इस्त्रीची कॉटनची साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. "चपलेनं क्लच नीट दाबला जात नाही," हे त्यांनी एकदा मालकांना, मालकांनी विचारलेलं नसताना, सांगितलं होतं. बोलायच्या सगळ्यांशी अहो-जाहो करून. झाडूवालीला अहो, वॉचमनला अहो, इतकंच काय, कंपनीच्या गेटात आडवा पडलेल्या कुत्र्यालाही गाडीतून मान बाहेर काढून म्हणायच्या, "अहो, सरका जरा." आणि तो सरकायचा. आम्ही हॉर्न वाजवून, हाड हाड करून दमायचो, तेव्हा ढिम्म हलायचा नाही.

आपोआप चालणाऱ्या कुठल्याही वस्तूशी त्यांचं जमायचं नाही. मालकांच्या मुलानं वॉशरूममध्ये हात धरला की पाणी येणारे नळ बसवले. मॅडमनी हात धरला, पाणी आलं नाही. हात मागे-पुढे केला, तरी नाही. "आता काय हात जोडू तुम्हाला?" असं त्या नळाला म्हणाल्या आणि स्टोअरमागच्या जुन्या नळावर जायला लागल्या, त्या कायमच्या. कंपनीत नवीन सॉफ्टवेअर आलं. वायर, नटबोल्ट, कॉन्टॅक्टर काही कमी पडायला लागलं की त्यातून ऑर्डर आपोआप जायची. मॅडमनी ते बंद करायला लावलं. जेवण झालं की स्वतः स्टोअरमध्ये जायच्या आणि खोक्याखोक्यात हात घालून बघायच्या. मालक वैतागून म्हणाले, "मॅडम, अहो आपोआप होतंय ना सगळं?"

"आपोआप काही होत नसतं, साहेब. कोणीतरी करत असतं. आपण त्याला विचारत नाही, एवढंच."

पाठीमागे ऑफिसात त्यांना सगळे 'मॅन्युअल मॅडम' म्हणायचे. मीही म्हणायचे.

गाडीत पुढच्या सीटवर त्यांचे वडील असायचे. आप्पा. ऐंशीच्या पुढचे. कल्याणजवळ मोहन्याच्या बाजूला एका कारखान्यात जन्मभर बॉयलरवर होते. आता त्यांची स्मृती चालली होती. काल जेवलो का, बायको कधी गेली, हे घर कोणाचं, यातलं काही सांगता यायचं नाही. सांभाळायला ठेवलेल्या बाया टिकल्या नव्हत्या. ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोमागे म्हाताऱ्यांना दिवसभर ठेवायची सोय असलेलं एक केंद्र होतं. सकाळी ऑफिसला जाताना आप्पांना तिथे सोडायचं आणि संध्याकाळी घेऊन यायचं, असं चाललेलं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, दाढी गुळगुळीत, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी मागे बसले की मान वळवून विचारायचे, "पहिली पाळी?" मी हो म्हणायचे.

त्यांच्यासमोर डॅशबोर्डावर एक गोल मीटर स्क्रूनं बसवलेलं होतं. इंजिन किती तापलंय ते दाखवणारं. त्याच्याखाली एक काळं बटण आणि बटणाशेजारी छोटा लाल दिवा. ते इंजिनाच्या पंख्याचं बटण. सगळ्या गाड्यांत इंजिनाचं पाणी तापलं की पुढचा पंखा स्वतःच सुरू होतो आणि निवलं की बंद होतो. आपल्याला कळतही नाही. या गाडीत ते कोणीतरी काट्यावर लक्ष ठेवून करायला लागायचं, आणि ते काम आप्पांकडे होतं.

"आप्पा, काटा?" मॅडम विचारायच्या.

"अर्ध्याच्या खाली."

"मग?"

"थांब."

पलावाच्या पुलाखाली गाड्यांची रांग लागायची. मेट्रोच्या कामाचे निळे पत्रे एका बाजूला, कंटेनर दुसऱ्या बाजूला. डिझेलचा धूर सरळ आत.

"आप्पा, काटा?"

"अर्ध्याच्या वर."

"मग?"

"चालू करतो."

टक्. लाल दिवा लागायचा, बॉनेटखालून घरघर सुरू व्हायची, आणि आप्पा पाठ सीटला टेकवून समोरच्या ट्रककडे असे बघायचे, की जणू तोही त्यांच्यामुळेच चाललाय. ठाण्यापर्यंत हेच बोलणं, हाच क्रम. मला ते पाठ झालं होतं. रात्री भात उतरवतानासुद्धा डोक्यात 'आप्पा, काटा?' वाजायचं.

डिस्पॅचमधले सावंत मधे काही दिवस आमच्याबरोबर यायचे. त्यांनी घाम पुसत पुसत सांगितलं, "मॅडम, सेन्सर गेला असेल. छोटी गोष्ट आहे. बदलून टाका ना. आजोबांना कशाला त्रास?"

"तुम्हाला त्रास होतोय का?"

"नाही, तसं नाही..."

"मग ठीक आहे."

सावंत पुन्हा आले नाहीत. ऑफिसात मात्र सांगत सुटले, की बाई एवढी चिकट आहे की बापाला कामाला लावलंय. मलाही ते पटलेलं. एसी नाही, सेन्सर नाही, गाडी जुनी. दुसरं काय असणार?

त्यातून माणकोलीचा नवा पूल झाला. डोंबिवली पश्चिमेतून खाडी ओलांडून थेट पलीकडे. पलीकडे हायवेला अडकायचं ते होतंच, पण निदान रोजच्या रस्त्यावरची शीळफाट्याची कोंडी चुकली असती. मी फार मागे लागले म्हणून मॅडमनी एकदा गाडी तिकडून घातली. पूल मोकळा होता. खाडीवरचा वारा भणाणत आत येत होता. कितीतरी दिवसांत सकाळी सकाळी बरं वाटलं मला. काटा खाली तो खालीच. आप्पा मीटरकडे बघत राहिले, मग बटणाकडे, मग मागे वळून माझ्याकडे. "बंद पडलं काय सगळं?" असं काहीतरी पुटपुटले आणि सीटच्या पट्ट्याची क्लिप चाचपायला लागले. मॅडमनी एका हातानं त्यांचा हात धरला तो पार खारेगावपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा शीळफाट्याला. मी चिडले. एवढा चांगला रस्ता सोडून रोज त्या नरकातून जायचं, याला काय म्हणायचं?

उलगडा झाला तो मानपाडा रोडच्या गॅरेजमध्ये. संध्याकाळी परतताना क्लचची केबल तुटली होती. मॅडम आप्पांना घेऊन शेजारी उसाच्या रसाच्या गाडीवर गेल्या, मी बाकावर बसून राहिले. गॅरेजवाला नंदू गाडीखाली झोपून काम करत होता. मी सहज म्हटलं, "तो पंख्याचा सेन्सर पण बघून घे ना एकदाचा."

"काय बघू ताई?" तो खालूनच बोलला. "नवीन सेन्सर तिथं डब्यात पडलाय. मीच बसवलेला, मीच काढला. मॅडमनी काढायला लावला. मी बोललो, मॅडम, एक दिवस हेड जाईल, इंजिन बसेल. ऐकतायत कुठं?"

घरी जाताना आप्पांना झोप लागली. त्यांची मान पट्ट्यावर कलली होती. मी म्हटलं, "नंदू म्हणाला, सेन्सर चांगला होता."

मॅडमनी डाव्या हातानं आप्पांची मान सरळ केली. मला वाटलं, आता उद्यापासून येऊ नका म्हणणार. मग समोर बघतच बोलायला लागल्या.

"आधी गाडी कुठे थांबली रे थांबली की हे पट्टा काढायचे. 'माझी पाळी आहे,' म्हणून दार उघडायचे. एकदा उतरले, रिक्षा घासून गेली. मागे बसवून बघितलं, दार लॉक करून. काचेवर डोकं आपटून घेतलं. रक्त आलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर दिवसभर मान टाकून, लाळ गळतेय. मला ते बघवेना." त्यांनी गिअर बदलला. "मग सेन्सर गेला. पार्ट यायला वेळ होता म्हणून नंदूभाऊंनी तात्पुरतं बटण लावून दिलं. आप्पांनी विचारलं, हे कशाचं? मी सांगितलं. त्या दिवशी खोपटपर्यंत त्यांनी दाराला हात लावला नाही. नीट बसले. मला म्हणाले, प्रेशर बरोबर आहे, तू जा आपली."

"मग?"

"मग पार्ट आला. बसवला. मुंब्रा बायपासवर पंखा सुरू झाला. त्यांना आवाज बरोबर कळतो. म्हणाले, कोणी चालू केला? मी म्हटलं, आपोआप झाला. तर म्हणाले, मग माझं काय काम इथे? आणि दार उघडलं. गाडी चालत होती."

रस्त्यावरचे दिवे आप्पांच्या तोंडावरून एकेक जात होते.

"एसी लावला की पंखा फिरायला लागतो," मॅडम म्हणाल्या. "म्हणून एसी नाही. आणि पुलावर काटा चढत नाही."

"पण इंजिन बसलं तर?"

"इंजिन बदलता येतं."

त्यानंतर मी एसीचं किंवा पुलाचं नाव काढलं नाही. ऑफिसात 'मॅन्युअल मॅडम' म्हणणंही माझ्यापुरतं थांबलं. पण उकाडा कमी झाला होता असं नाही. उलट आता मागच्या सीटवरून मीही काट्याकडे बघायला लागले. एका काट्यावर तीन माणसं. ऑफिसात पोचायचो तेव्हा अर्धा दिवस काम करून आल्यासारखं अंग दुखत असायचं.

आणि आप्पा तर उतरणीलाच लागले होते. आधी पंखा चालू करून बंद करायचे विसरायला लागले. मग काटा कुठे आहे ते विचारलं की मीटरऐवजी घड्याळाकडे बघायचे. मग रोज सकाळी घरडा सर्कलपाशी विचारायचे, "हे बटण कशाचं?" मॅडम रोज नव्यानं सांगायच्या, आणि तेही रोज नव्यानं ऐकायचे, मान डोलावायचे, सरसावून बसायचे. ठाणं यायच्या आत पुन्हा सगळं पुसलेलं. मॅडमच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं. रात्री झोपत नसाव्यात. साडीची इस्त्री मात्र तशीच.

ऑक्टोबरचं ऊन होतं. मुंब्रा बायपासच्या चढावर पुढे कुठला तरी कंटेनर बंद पडला होता आणि गाड्या मुंगीसारख्या सरकत होत्या. आमच्यामागे पत्र्याची कॉइल भरलेला ट्रेलर, इतका जवळ की आरशात नुसती त्याची जाळी दिसत होती. काटा चढायला लागला.

"आप्पा, काटा?"

आप्पा खिडकीबाहेर बघत होते.

"आप्पा, अर्ध्याच्या वर गेलाय. चालू करा."

आप्पांनी दोन्ही तळवे बटणावर झाकून धरले. "कोण बोलतंय?"

"मी."

"मी कोण? साहेबांनी सांगितलंय का?"

मॅडमनी डावा हात बटणाकडे नेला. आप्पांनी इतक्या जोरात तो झिडकारला की मनगट गिअरवर आपटलं आणि गाडीला हिसका बसला. मागून ट्रेलरनं हॉर्न दिला. मी म्हटलं, "मॅडम, बंद करा गाडी."

"तापलेली आहे. चढावर परत सुरू नाही झाली तर?" त्यांनी हीटर पूर्ण उघडला, इंजिनातली गरमी आत ओढून घ्यायला. भट्टीचं दार उघडावं तशी हवा पायांवर आली. उकळलेल्या कूलंटचा गोडसर वास यायला लागला. काटा लाल पट्ट्याला टेकला होता. आणि आप्पांनी एक हात बटणावरून काढून पट्टा सोडवला आणि दाराच्या कडीवर ठेवला. "साहेबांना विचारून येतो मी. खाली आहेत."

दाराच्या बाजूनं मोटरसायकली सुसाट चालल्या होत्या. मी मागून त्यांचा शर्ट धरला. त्या पातळ खांद्यात एवढी ताकद कुठून आली होती, कोण जाणे.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्या ताठ बसल्या. माल देणाऱ्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलायच्या, त्या आवाजात म्हणाल्या, "रिलीव्हर आलेय. चार्ज द्या."

आप्पांचा कडीवरचा हात थांबला.

"रिलीव्हर?"

"हो. तुमची पाळी संपली."

"उशीर केलात."

"हो. उशीर झाला."

"नाव?"

मॅडमनी नाव सांगितलं. पूर्ण. आपलं, मग वडिलांचं, मग आडनाव. मधलं नाव ऐकून आप्पा घोटाळले. ते नाव त्यांनी स्वतःशी पुन्हा उच्चारलं, हळूहळू, कुठे ऐकलंय ते आठवत असल्यासारखं.

"हे तुमचे वडील?"

"हो."

"काय करतात?"

पुढची गाडी हातभर सरकली. मॅडमनी क्लच सोडला, गाडी तेवढीच पुढे घेतली, ब्रेक दाबला.

"बॉयलरवर असतात."

"असं होय," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "मग तुम्हाला सांगायला नको. काटा अर्ध्याच्या वर गेला की चालू करायचं. विसरायचं नाही."

"नाही विसरणार."

त्यांनी बटणावरचा हात काढून घेतला, मांडीवर ठेवला. मॅडमनी बटण दाबलं. पंखा ओरडत सुरू झाला. काटा कितीतरी वेळ तिथेच चिकटून होता, मग केसाएवढा खाली आला, मग आणखी थोडा. तोवर आप्पा तोंड उघडं टाकून झोपले होते. मी हात लांब करून त्यांचा पट्टा लावला. मॅडमचं मनगट सुजून वर आलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाण्याची बाटली मागितली, अर्धी प्यायल्या आणि म्हणाल्या, "उशीर झाला. आज वायरचा माल उतरायचाय."

त्याच आठवड्यात नंदूनं सेन्सर परत बसवला. इंजिनाला काही झालेलं नव्हतं. आप्पांनी त्यानंतर ना मीटरकडे बघितलं, ना दाराकडे. खिडकीबाहेर बघत बसायचे, कधी तेही नाही. मला मागे वळून पाळी विचारणंही बंद झालं. आम्ही नव्या पुलावरून जायला लागलो, काचा वर, एसी चालू. थंड हवेनं मला बरं वाटायचं, हे खरं आहे. मॅडमना काय वाटायचं ते कळायचं नाही. सवयीनं त्यांचे ओठ 'आप्पा' म्हणायला उघडायचे आणि मिटायचे.

दिवाळीनंतर आप्पांनी अंथरूण धरलं आणि मॅडमनी नोकरी सोडली. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी करू दिला नाही. ऑफिसला जायची माझी सोय कंपनीच्या बसमध्ये झाली.

परवा मानपाडा रोडवर भाजी घेताना भेटल्या. साडी होती, पण चुरगळलेली. मी विचारलं, "आप्पा कसे आहेत?"

"आहेत. उठवत नाही आता."

"तुम्हाला ओळखतात?"

"नाही. सकाळी नाव विचारतात. मी पूर्ण नाव सांगते. मग म्हणतात, बरं झालं आलात, मी फार दमलो होतो." मॅडमनी मेथीची जुडी खाली-वर करून बघितली. "रोज."

त्यांच्या हातात दोन पिशव्या होत्या. त्यातली जड दिसली ती मी धरली. नको म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी दुसरीही माझ्याकडे दिली, आणि भाजीवाल्याच्या हातगाडीला धरून जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या.